स्वामीने सेवकांचे पाय धुतले

अहमदनगर

चिरंजीव भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पवित्र आठवड्यातील गुरुवारच्या उपासनेत तिकडच्या पाळकांनी गुडघे टेकून मंडळीतील म्हाताऱ्याकोताऱ्यांचे व पोराटोरांचे पाय धुतले, ते पाहून तुझ्या मुलाने एवढा मोठा माणूस दुसऱ्याचे पाय का धुतो असा प्रश्न केला, आणि येशूने तसे केले म्हणून, एवढेच उत्तर तुला देता आले, असे तू लिहितेस. तुझे उत्तर यथार्थ आहे. परंतु तेवढ्यावर मुलाचे समाधान झाले नाही यात नवल नाही, कारण तो एक प्रसंग चरित्रातून वेगळा काढला म्हणजे विनयाचा एक सुंदर धडा तेवढा हाती लागतो, आणि प्रभूच्या मनात त्याहून फार मोठे काही होते. म्हणून तू त्याला समजावून सांगावेस अशा रीतीने हे सारे चरित्र थोडक्यात मांडतो.

प्रथम तो काळ ध्यानात घे. रोममध्ये औगुस्त कैसराची बादशाही, आणि यहूदीयाच्या तख्तावर त्याच्या मर्जीने बसलेला मांडलिक हेरोद. हा हेरोद इसवी सनापूर्वी 4 या वर्षी मरण पावला, आणि शुभवर्तमानकार मत्तय व लूक हे दोघेही प्रभूचा जन्म त्याच्याच कारकीर्दीतला सांगतात. तेव्हा ज्या जन्मावरून आपण सन मोजतो तो जन्म त्या सनारंभाच्या काही वर्षे आधीचा ठरतो. कैसराच्या फर्मानाने खानेसुमारी निघाली म्हणून योसेफ व मरीया बेथलेहेमास गेली आणि उतारशाळेत जागा नसल्यामुळे मूल गव्हाणीत निजविले गेले, हे लूक सांगतो. यहूद्यांचा राजा जन्मला या वार्तेने हेरोदाचे आसन डळमळले आणि त्या कुटुंबाला मिसर देशी पळून जावे लागले, हे मत्तय सांगतो. दाविदाच्या कुळातला एक राजा येईल व परक्यांचे जोखड मोडील ही त्या रयतेची पिढ्यान्‌पिढ्यांची आशा होती. आणि ज्याच्याविषयी ती आशा पुढे जागी झाली तो गालीलातील नासरेथ या खेड्यात सुतारकी करीत वाढला.

वयाच्या सुमारे तिसाव्या वर्षी, म्हणजे तिबिर्य कैसराच्या अमदानीत, त्याने यार्देन नदीत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेतला आणि तेथून तो अरण्यात गेला. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतानाने त्याच्यापुढे तीन मोह ठेवले: धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, आणि मला नमन करून जगातील सारी राज्ये घे. क्षुधितांना अन्न, लोकांना चमत्कार आणि हाती सत्ता, या तीन साधनांनी आजवर किती जणांनी लोकसमूह आपल्या मुठीत आणले आहेत याचा विचार केलास, म्हणजे त्या एकांतात त्याने कोणता मार्ग नाकारला हे तुझ्या ध्यानात येईल. माझ्या मते या नकारातच त्याच्या पुढील चरित्राची गुरुकिल्ली आहे. सामर्थ्य त्याच्या ठायी होते, परंतु ते स्वतःच्या भाकरीसाठी अथवा सिंहासनासाठी वापरावयाचे नाही, हा निश्चय करूनच तो लोकांत आला.

गालीलात कफर्णहूम येथे मुक्काम ठेवून त्याने सरोवराकाठचे कोळी शिष्य म्हणून बोलाविले, आणि जकातीच्या नाक्यावर बसलेल्या मत्तयालाही बोलाविले. जकातदार म्हणजे रयतेच्या मुळावर आलेला माणूस. अशाच्या पंक्तीला बसल्यामुळे धर्मनिष्ठ मंडळी त्याच्यावर रुष्ट झाली. कुष्ठरोग्याला स्पर्श केला की विटाळ होई, तरी त्याने हात पुढे करून त्याला स्पर्श केला. पाच हजारांचा समुदाय तृप्त झाला तेव्हा लोक त्याला बळेच राजा करणार असे दिसताच तो एकटाच डोंगरावर निघून गेला, असे शुभवर्तमानकार योहान नमूद करतो. अरण्यात नाकारलेले राज्य येथे लोकांच्या प्रेमाच्या रूपाने परत आले होते. तेही त्याने घेतले नाही.

तो यरुशलेमेत शिरला तो वल्हांडणाच्या यात्रेच्या दिवसांत. विजयी सेनापती घोड्यावरून येतो. हा गाढवीच्या शिंगरावर बसून आला, आणि लोकांनी वाटेवर वस्त्रे अंथरली, झावळ्या हाती घेतल्या. मंदिराच्या आवारात सराफांचे चौरंग व कबुतरे विकणाऱ्यांच्या बैठका त्याने उलथून टाकल्या, तेव्हा मुख्य याजकांच्या सत्तेला व मिळकतीलाही धक्का बसला. त्यानंतर त्याला धरण्याची मसलत पक्की झाली, आणि बारा शिष्यांपैकी यहूदा इस्कर्योत तीस रुपयांवर फितूर झाला.

आता त्या गुरुवारच्या रात्रीकडे ये. माडीवरच्या खोलीत भोजन चालले होते. आपल्यात श्रेष्ठ कोण, असा वाद त्याच रात्री शिष्यांत लागला, असे लूक लिहितो. त्या देशातील वाटा धुळीच्या, पायांत चपला. घरी आलेल्याचे पाय धुणे हे गुलामाचे काम, आणि श्रेष्ठपणाचा वाद घालणाऱ्यांपैकी कोणी ते करावयास उठला नव्हता. तेव्हा योहान सांगतो त्याप्रमाणे प्रभू भोजनावरून उठला, अंगावरील वस्त्रे उतरवून त्याने कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतले आणि एकेकाचे पाय धुऊन पुसू लागला. पेत्राला हे सहन होईना. त्याने पाय आखडून घेतले, आणि धुऊ दिले नाहीस तर माझ्याशी तुझा वाटा नाही असे ऐकल्यावरच तो नमला. पण मला याहूनही अधिक हलविणारी गोष्ट अशी की यहूदा त्या वेळी तेथेच होता. तो भोजनावरून उठून रात्रीच्या अंधारात गेला तो नंतर. तेव्हा जे पाय थोड्या वेळाने घात करावयास निघणार होते तेही त्या हातांनी धुतले, आणि कोणाचे पाय आपण धुतो आहोत हे धुणाऱ्याला ठाऊक होते. मग पुन्हा आसनावर बसून त्याने सांगितले की मी गुरू व प्रभू असून तुमचे पाय धुतले, म्हणून तुम्हीही एकमेकांचे धुवावेत.

पुढचे सारे त्याच रात्री व दुसऱ्या दिवशी घडले. गेथशेमाने बागेत तो पकडला गेला; पेत्राने तरवार उपसली ती त्याने म्यानात घालावयास लावली. महायाजक कयफाच्या वाड्यात चौकशी झाली, आणि अंगणात शेकत बसलेल्या पेत्राने त्याला तीनदा नाकारले. सकाळी प्रकरण रोमी सुभेदार पंतय पिलात याच्यापुढे रुजू झाले. हा पिलात इसवी सन 26 ते 36 पर्यंत यहूदीयाचा कारभारी होता. फिर्याद राजद्रोहाची होती. आरोपीजवळ ना सैन्य, ना शस्त्र, आणि त्याच्या राज्याची रीतच या जगाच्या राज्यांहून निराळी. सुभेदाराला त्याच्यात अपराध दिसेना, पण कैसराची खप्पामर्जी ओढवेल या धास्तीने त्याने हात धुतले, बरब्बा नावाच्या बंडखोराला सोडले आणि निरपराध्याला वधस्तंभाची सजा फर्मावली. ही सजा रोमी अमलात मुख्यत्वे गुलामांसाठी व बंडखोरांसाठी होती. रोमी नागरिकाला ती सहसा होत नसे. कमरेला रुमाल बांधून आदल्या रात्री ज्याने गुलामाचे काम केले, त्याला दुसऱ्या दिवशी गुलामाचे मरण आले, आणि त्या दोन गोष्टी मी एकमेकींपासून वेगळ्या काढू शकत नाही. मारेकऱ्यांसाठी क्षमा मागत त्याने गुलगुथा येथे प्राण सोडला. बहुतेक शिष्य पांगले होते. स्त्रिया मात्र दुरून पाहत शेवटपर्यंत उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी कबर रिकामी आढळली, आणि उठलेला प्रभू प्रथम मग्दालीया मरीयेला भेटला. त्या काळच्या न्यायव्यवहारात स्त्रीच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. तरी पहिली साक्ष त्याने स्त्रीच्या हाती दिली. पिलाताच्या कचेरीत अथवा कयफाच्या वाड्यात जाऊन त्याने कोणाला लज्जित केले नाही. उलट सरोवराकाठी रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांसाठी त्याने कोळशावर मासळी भाजून भाकरीसह न्याहारी तयार ठेवली, आणि तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला तीनदा प्रेमाविषयी विचारून मेंढरे सांभाळण्याचे काम सोपविले. मरण जिंकल्यावरही त्याचा स्वभाव पालटला नाही. मृत्युंजयाने आपल्या माणसांसाठी चूल पेटविली. त्या गुरुवारचे कृत्य हा क्षणिक आविर्भाव नव्हता याला याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

आणि आपल्या घराण्याला तर पाय धुण्याचा हा विधी दुहेरी जवळचा आहे. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचे काम या नगरात सुरू झाले, आणि पुढे जी मंडळी उभी राहिली तिच्यात गावकुसाबाहेरची आपली माणसे पुष्कळ होती. ज्यांची सावलीही लोक टाळीत आणि ज्यांना पाणवठ्यावर पाय ठेवू देत नसत, त्यांनी जेव्हा ऐकले की जगाच्या स्वामीने स्वतःच्या हातांनी पाणी ओतून माणसांचे पाय धुतले, तेव्हा ते ऐकणे त्यांना कसे वाटले असेल याची कल्पना कर. नारायण वामन टिळकांसारख्या ब्राह्मण कुळातील कवीने हे चरित्र मराठीत गाण्यासाठी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. 1919 साली त्यांचे देहावसान झाले तेव्हा ते अपुरे होते, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. वरच्या आळीतला व खालच्या आळीतला माणूस एकाच पंगतीला बसू शकतो, हे या कथेने आपल्या भागात काही घरांत तरी खरे करून दाखविले. जेथे ते अद्याप खरे झालेले नाही, आणि मंडळीतही अशा जागा आहेत, तेथे दरवर्षीचा हा गुरुवार आपणांस जाब विचारतो.

तेव्हा मुलाला असे सांग की मोठेपण त्या पाळकांचे नाही, तर ज्याने प्रथम ते काम केले त्याचे आहे. आणि ज्याच्या हाती अधिकार असेल, मग तो बापाचा असो, शिक्षकाचा असो की अमलदाराचा, त्याने तो कोणासाठी वापरला हे पाहूनच त्याची पारख करावी. त्याला मार्ककृत शुभवर्तमान आधी वाचून दाखव, ते सर्वांत लहान आहे. मग योहानाचा तेरावा अध्याय. आणि वाचून झाल्यावर त्याने आपल्या वर्गातल्या ज्या मुलाशी कोणी खेळत नाही त्याच्याशी खेळावे असे त्याला सांग. अर्थ त्याला तेथे अधिक कळेल.

जावईबापूंस नमस्कार व चिरंजीवास आशीर्वाद. उत्तर पाठवावे.

तुझा मामा