प्रश्नकर्त्याची परीक्षा

२०१४ च्या जुलै महिन्यात निखिल वागळे यांनी ‘आयबीएन लोकमत’ ही वृत्तवाहिनी सोडली, तेव्हा डोंबिवलीतील आमच्या इमारतीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. २००८ साली ती वाहिनी सुरू झाल्यापासून त्यांचा ‘आजचा सवाल’ ऐकत पान वाढून घ्यावयाचे, असा पुष्कळ घरांचा शिरस्ताच पडून गेला होता. पाहुण्याला ते धड बोलू देत नाहीत म्हणून आमचे एक शेजारी त्यांच्यावर रोज संतापत, आणि संतापता यावे म्हणूनच की काय, रोज न चुकता पाहत. त्यांनीच जिन्यात आम्हाला गाठून विचारले, “आता त्या खुर्चीत बसवायचे कोणाला?” आम्ही मोठ्या ऐटीत उत्तर दिले, “जो उत्तर मिळाल्यावाचून प्रश्न सोडणार नाही, त्याला!” हे वाक्य पुढे आमच्याच अंगावर येणार आहे, याची त्या वेळी आम्हाला सुतराम कल्पना नव्हती.

पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरात कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची निवडणूक व्हावयाची होती. केबलवरून चालणारी एक लहानशी स्थानिक वाहिनी (तिचे नाव सांगण्यात स्वारस्य नाही) नगरसेवकांच्या मुलाखतींचा एक साप्ताहिक कार्यक्रम करीत असे. प्रश्न विचारणारे वृद्ध गृहस्थ मुलाकडे राहावयास पुण्यास निघाले आणि जागा रिकामी झाली. नवा माणूस निवडण्यासाठी मालकांनी त्रिवर्गाची समिती नेमली: ठाण्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक, कल्याणचे एक वकील आणि आम्ही. आमची पात्रता एवढीच की, आम्ही अधूनमधून मासिकांतून लिहितो आणि दुपारी घरी सापडतो.

थोरांघरी अशा निवडी सावकाश होतात. अमेरिकेत ‘मीट द प्रेस’ नावाचा कार्यक्रम १९४७ पासून दूरचित्रवाणीवर चालू आहे. सोळा वर्षांहून अधिक काळ त्याचे सूत्रधार असलेले टिम रसर्ट २००८ च्या जून महिन्यात, ऐन अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षात, अकस्मात निवर्तले. तेव्हा टॉम ब्रोकॉ यांना तात्पुरते बसवून वाहिनीने निवडणूक पार पाडली आणि डेव्हिड ग्रेगरी यांची कायमची नेमणूक केली ती डिसेंबरात. त्या कार्यक्रमाची पहिली सूत्रधार मार्था राउंट्री ही स्त्री होती. पण तिच्यामागून दुसरी स्त्री त्या खुर्चीत कायमची बसण्यास २०२३ साल उजाडावे लागले. आमच्या समितीच्या वाट्याला मात्र एक दुपार आणि दोन बशा बटाटेवडे आले होते.

परीक्षेची पद्धत वकिलांनी सुचविली. समितीपैकी एकाने नगरसेवक व्हावयाचे आणि उमेदवारांनी त्याची मुलाखत घ्यावयाची. आमची शरीरयष्टी पाहून ती भूमिका एकमताने आम्हाला देण्यात आली.

पहिल्या उमेदवाराचा आवाज इतका गोड होता की, आपण काय उत्तर देतो आहोत याचे आम्हालाच भान राहिले नाही. दुसरे प्राध्यापक होते. त्यांच्या प्रश्नातच उत्तर, खंडन आणि उपसंहार सामावलेला असे. तिसरी एका विमा कचेरीत नोकरी करणारी मुलगी होती. तिच्या हातात महापालिकेच्या अंदाजपत्रकाची खुणा घालून घालून फुगलेली प्रत होती.

कचऱ्याची विल्हेवाट नीट लागत नाही म्हणून त्याच वर्षीच्या एप्रिलात उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतील नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली होती. कल्याणच्या आधारवाडीचे ते कचऱ्याचे डोंगर आणि उन्हाळ्यात त्यांना लागणाऱ्या आगी यांची ओळख ज्यांच्या नाकाला आहे त्यांना अधिक सांगणे नलगे. मुलीने विचारले, “आधारवाडीचे डम्पिंग ग्राउंड कोणत्या महिन्यात बंद होईल?”

आम्ही घसा साफ केला. नागरिकांचे आरोग्य, शास्त्रशुद्ध प्रकल्प, मागील सत्ताधाऱ्यांची अनास्था असे सुमारे दोन मिनिटे बोललो. आणि खोटे कशाला सांगा, बोलताना आनंदही वाटला. तिने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाली, “पण महिना कोणता?” आम्ही निविदांकडे वळलो. “महिना, काका?” आम्ही तिच्या अभ्यासाचे कौतुक केले. तिने चौथ्या वेळी तोच प्रश्न, तितक्याच हळू आवाजात विचारला, आणि आम्हाला राग आला. तो नाटकातला राग नव्हता. कानशिले तापली, आणि ‘ही कोण मला विचारणार?’ हे वाक्य मनात स्पष्ट उमटले. वस्तुतः त्या खुर्चीत आम्ही पुरती दहा मिनिटेही बसलो नव्हतो.

१९९७ च्या मे महिन्यात बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’मध्ये जेरेमी पॅक्समन यांनी मायकेल हॉवर्ड या माजी मंत्र्यांना एकच प्रश्न लागोपाठ बारा वेळा विचारला होता. ती गोष्ट आम्ही मित्रमंडळींत किती वेळा रंगवून सांगितली असेल याची गणती नाही. या मुलीने तर अवघा चार वेळा विचारला.

गुणपत्रिकेत ‘सौजन्य’ असा एक रकाना होता. त्यात आम्ही तिला दहापैकी तीन दिले. गोड आवाजाच्या गृहस्थांना नऊ. मुख्याध्यापकांचा कौल मुलीच्या बाजूने होता, वकिलांचा गृहस्थांच्या. तेव्हा निवड आमच्याच लेखणीने झाली. मालक चहा ओतता ओतता एवढेच म्हणाले की, जाहिराती शेवटी याच नगरसेवक मंडळींकडून यायच्या असतात. या वाक्यावर सारा दोष ढकलून मोकळे व्हावे असा मोह आम्हाला अनेकदा झाला आहे. परंतु ते बोलले त्याच्या आधीच आमचा तीनाचा आकडा शाईने लिहून झाला होता.

ऑक्टोबरात, ऐन प्रचारात, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कल्याण-डोंबिवलीसाठी ६,५०० कोटी रुपयांचे पॅकेज घोषित केले. ते कोणत्या खात्यातून, किती वर्षांत आणि कशावर खर्च व्हावयाचे, हे विचारण्याची ती वेळ होती. आमच्या निवडलेल्या गृहस्थांनी समोरच्या पाहुण्यास विचारले, “एवढा मोठा आकडा ऐकून आपल्या मनात प्रथम कोणती भावना आली?” पाहुणे गहिवरले. कार्यक्रम उत्तम झाल्याचे मालकांनी आम्हाला आवर्जून कळविले.

२०२० च्या नोव्हेंबरात त्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षे महापालिकेत प्रशासकाचा अंमल राहिला. जाब विचारावा असा निवडून आलेला नगरसेवकच उरला नाही. मग नगरसेवकांच्या मुलाखती तरी कोठून होणार? कार्यक्रम बंद पडला. आधारवाडीला कचरा टाकणे अखेर थांबले ते २०२१ सालच्या मे महिन्यात.

त्यानंतर वर्षभराने ती मुलगी आम्हाला डोंबिवली स्थानकाच्या फलाटावर भेटली. तिने ओळख दिली, प्रकृतीची चौकशी केली, आणि म्हणाली, “काका, मे महिना होता तो.” आम्ही हसलो. मग तिने विचारले, “मला तेव्हा कशात कमी पडले होते गुण?”

आम्ही म्हणालो की, समितीत नाना मते असतात, आणि स्थानिक वाहिनीच्या काही अडचणीही असतात. तिने ऐकून घेतले. “पण कशात, काका?” ती म्हणाली. तेवढ्यात मुंबईकडे जाणारी लोकल फलाटाला लागली. गर्दीचा लोंढा मध्ये आला आणि ती बायकांच्या डब्याकडे धावली. आम्हालाही त्याच गाडीने ठाण्यास जावयाचे होते. आम्ही पुढच्या गाडीने गेलो.