पिवळी चौकट

आत्याच्या साखरेसाठी परवा तिच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर तिची माहिती उघडली आणि पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी चौकट उमटली: लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वर्षभरात झालेली नाही. मधुमेहात मूत्रपिंड बिघडू लागलं की बऱ्याचदा आधी तिथेच कळतं. बाईंनी लगेच चिठ्ठी लिहिली. आत्या मात्र खट्टू. "मला बघायचं सोडून त्याच्याकडेच बघत होती." दुपारी एकटीपुरतं रांधायचा कंटाळा येतो, म्हणून ती हल्ली जेवतच नाही, हे तिने मला रिक्षात सांगितलं. बाईंना का नाही सांगितलंस? "विचारलं कुठे?"

मला दोघींचंही पटलं, आणि तेच मनात घोळत राहिलंय.

अशा सूचनांनी किती फरक पडतो, हे इंडियानापोलिसच्या डॉ. क्लेमेंट मॅकडॉनल्ड यांनी १९७६ साली मोजून ठेवलंय. संगणकाची सूचना हाती असली की डॉक्टर ५१ टक्के वेळा दखल घेत. नसली की २२. दोष त्यांनी निष्काळजीपणाला दिला नाही. माणूस एका वेळी किती तपशील सांभाळणार, त्यालाच मर्यादा, असं त्यांचं म्हणणं. वाचून हायसं वाटलं. पण उरलेले ४९ टक्के? सूचना समोर असूनही निसटलेच ना. आता तर चौकटींवर चौकटी येतात; न वाचताच मिटवायची सवय बोटांना लागत असणार. कुठली दाखवायची, कुठली गप्प ठेवायची, हे ठरवणारं माणूस कधी ओपीडीच्या बाकावर बसलेलं असतं का, कोण जाणे.