जुन्या जोत्याशेजारी

वाशीमकडे घराला खोली वाढवायची म्हटलं, की घरधनी पहिलं हेच बोलतो, "मिस्त्री, जुनं-नवं एकजीव झालं पाहिजे बरं." वीस-पंचवीस वर्षांमागं बांधलेलं घर, तेव्हा जोतं रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या उंच होतं. मग गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, त्यावर आणखी एक थर आला आणि पावसाचं पाणी उंबऱ्याशी येऊ लागलं. साहजिकच नवी खोली फूटभर उंच घ्यायची. आणि जोडायची मात्र जुन्याला.

सुरुवातीला मीही जोडत असे. जुन्या जोत्यात भोकं पाडून सळया ठोकायच्या आणि नव्या प्लिंथ बीमचं लोखंड त्यांना बांधायचं. अशाच एका घरात पहिल्याच पावसाळ्यात जुन्या भिंतीला तडा गेला. काकूंच्या देवळीच्या कोपऱ्यातून निघाला तो तिरपा थेट छतापर्यंत. वर करंगळी जाईल एवढा, खाली केसाएवढा. काकू रागावल्या नाहीत. देवळीतले देव त्यांनी मुकाट्यानं समोरच्या भिंतीकडे हलवले. ते मला अजून सलतं.

वर रुंद आणि खाली बारीक, म्हणजे भिंतीचं एक टोक खाली ओढलं गेलं होतं. ओढलं होतं माझ्याच सळयांनी.

आमची काळी माती वर्षभर एका जागी थांबत नाही. अक्षय तृतीयेच्या सुमारास शेतात हात जाईल अशा भेगा, आणि पोळ्याला तीच जमीन पाणी पिऊन फुगलेली. घराच्या मध्याखाली ऊन-पाऊस पोचत नाही, तिथली माती फारशी हलत नाही. हलते ती कडेची. नवी खोली झाली की कालची कड आज मध्ये येते, कालचं अंगण झाकलं जातं. जुन्या भिंतीखालच्या मातीची सवयच मोडते. शिवाय जुनं घर बसायचं तेवढं बसून झालेलं असतं, नव्याचं बसणं अजून व्हायचं असतं. अशा दोघांना बांधून ठेवायचं नसतं.

म्हणून आता आधी एक खड्डा घेऊन जुना पाया किती खोल आहे ते डोळ्यांनी पाहतो. तो बहुतेक काळ्या मातीतच संपलेला असतो, आणि मला मुरमापर्यंत जायचं असतं. जुन्याच्या तळाखाली एक फूट उतरायचं तर दोन फूट लांब सरकायचं, हा हिशेब मी सोडत नाही. कॉलम दूर राहतो, पण बीम पुढे काढून खोलीची भिंत जुनीच्या जवळ आणता येते. मुरूम फारच खोल असेल तर इंजिनीअरला विचारून तळाशी फुगीर असलेले पाइल घेतो. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ते अशा मातीसाठीच विकसित केले. ही माती साडेतीन मीटरपर्यंत हलते असं धरून त्यांची खोली ठरवतात.

दोन भिंतींमध्ये एक इंच फट, आत थर्माकोल, तोंडाशी सीलंट. छतावरच्या फटीवर पत्रा, पण खिळायचा एकाच बाजूनं. नव्या खोलीची भराई जुन्या भिंतीला टेकू द्यायची नाही, नाहीतर आतल्या खोलीत ओल धरते. आणि फूटभर फरकाला सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या, दोन्ही नव्या बाजूला. फरशी सलग न्यायचा हट्ट मी मान्य करत नाही. घरात काठी घेऊन चालणारं माणूस असलं तर फुटाला बारा फूट असा उतार देतो. जागा जाते, पण जाऊ दे.

मागच्या उन्हाळ्यात मंगरुळपीरच्या एका घरात खोली काढली. जुन्या भिंतीला आधीचाच एक बारीक तडा होता. खोदण्याआधी मी त्यावर आडवी काचपट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवली आणि शेजारी पेन्सिलनं तारीख लिहिली. भिंत हलली तर काच फुटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन गेलो. घरातली पोरं मागं उभी. पट्टीवर धूळ बसली होती. ती बोटानं पुसली आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. अखंड होती. पुढची तारीख लिहिली : दिवाळीनंतरची.