दीड किलोमीटरचे ऋतू

नागपुरात कोणालाही सांगून पाहा की कॅमेरा घेतला. पुढचा प्रश्न ठरलेला. "मग? ताडोब्याला केव्हा चालला?" ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला... इतकी जंगलं हाताशी असल्यावर नागपूरकराने वाघच काढायचा असतो! आता माझ्याकडे ना मोठी लेन्स, ना सफारीचं बुकिंग, ना पहाटे जिप्सीत कुडकुडायची हौस. मी आपला वीकेंडला सदरमध्ये फिरतो. घरापासून दीड किलोमीटर जाऊन परत. "सदरमध्ये काय काढतो बे?" असं मित्र विचारतात. तर मंडळी, त्याचं हे जरा सविस्तर उत्तर.

सामान अगदी साधं. सेकंडहँड कॅमेरा, 35 एमएमची एकच लेन्स (झूम करायचं तर पाय आहेतच). ठरलेल्या जागा चार. रेसिडेन्सी रोडवर उड्डाणपुलाखाली एक, ऑल सेंट्स कॅथेड्रलपाशी एक, मंगळवारी बाजाराच्या तोंडाशी एक आणि आमच्या गल्लीच्या टोकाचं कडुलिंब. दर रविवारी त्याच जागी उभं राहून तीच फ्रेम. गेली चार वर्षं.

बोअर नाही होत का? होतं ना. पण आमच्या धंद्यात सर्व्हरने मान टाकली की पहिले लॉग उघडतात. लॉगची एकेक ओळ वाचण्यासारखी नसते. हजारो ओळी एकाखाली एक ठेवल्या की मग कळतं नेमकं कुठून बिनसलं. फोटोंचंही तसंच आहे.

या लॉगमध्ये मला सर्वात आधी दिसली ती सावली. शाळेत भूगोलात हे सगळं पाठ केलं होतं, पण पटलं नव्हतं. 21 डिसेंबरच्या आसपास नागपुरात भर दुपारीसुद्धा सूर्य अर्ध्या आकाशापर्यंतच चढतो, आणि बारा वाजताही आपली सावली जवळजवळ आपल्या उंचीइतकी असते. म्हणून हिवाळ्यात दिवसभर फोटो काढता येतात. उजेड तिरपा, मऊ. हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग, कानटोप्या, तर्री पोह्यांची वाफ, आणि नाताळ जवळ आला की मोहननगरकडे दारोदारी लटकणारे स्टार. डिसेंबरात सदरमध्ये वाईट फोटो काढायलाच मेहनत लागते!

उन्हाळ्यात सगळं उलटं. 26 मेच्या सुमारास, दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली गायब होते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क किंचित उत्तरेला असतो. ऐन नवतपा. आकाश पांढरं, चेहरे दुपट्ट्यांत, प्रत्येक खिडकीला कूलर. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले होते. 2024 च्या मे महिन्यात तर एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवले, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडलाय. (प्रॉडक्शनमधला बग! आम्हाला सवय आहे.) या दिवसांत माझा फोटोचा वेळ पहाटे साडेपाच ते सात. त्यानंतर कॅमेरा हातात धरवत नाही.

मग पाऊस. पहिल्या सरीनंतर कडुलिंबाची पानं अशी काही हिरवी दिसतात की वाटतं आपण एडिटिंगमध्ये जास्तच रंग ओढला. कॅथेड्रलचा धुतलेला दगड, रस्त्यावरच्या डबक्यात उलटा पूल. ढगांमुळे सावली नाहीच, त्यामुळे दुपारही आपलीच.

हा पूल 2020 च्या सुरुवातीला सुरू झाला. माझ्याकडे त्याआधीचे कॉलेजातले मोबाइल-फोटो आहेत. फोटो म्हणजे काय, रस्त्याच्या कडेला दात काढून उभी चार टाळकी. पण आता मी टाळकी बघत नाही, त्यांच्या मागचं आकाश बघतो. रेसिडेन्सी रोडला तेव्हा भरपूर आकाश होतं. हिवाळ्यात दुकानांच्या पायरीपर्यंत ऊन यायचं, लोक ते पाठीवर घेत उभे राहायचे. आता तिथे खांब आहेत. मात्र मेमधले फोटो उघडले तर त्याच पुलाच्या सावलीत ऑटोवाले झोपलेत, फळवाला गाडी लावून बसलाय. जवळच गड्डीगोदामला तर खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वात वर मेट्रो असा चार मजली प्रकार आहे. पूल चांगला की वाईट यावर चहाच्या टपरीवर तासभर भांडता येतं. माझं फोल्डर म्हणतं, हिवाळ्यातलं ऊन गेलं, उन्हाळ्यातली सावली आली. हिशोब ज्याचा त्याने करावा.

आता जे लिहायचं आहे ते थोडं कठीण आहे.

रविवारी भाजीची पिशवी घेऊन बाबाही सोबत येतात. कडुलिंबाच्या फ्रेममध्ये झाडाची उंची कळावी म्हणून मी त्यांना बुंध्याशी उभं करतो. "बाबा, स्केलसाठी उभे राहा ना." तेही पट्टीसारखे ताठ उभे राहतात. चार वर्षांचे ते फोटो मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा ओळीने लावून बघितले. झाड जवळजवळ तसंच आहे. पट्टी बदलली आहे. पहिल्या हिवाळ्यात दोन्ही हात मोकळे, पिशवी खांद्यावर. तिसऱ्या पावसाळ्यात एक हात बुंध्यावर. यंदा पाठही टेकलेली. रोज एका टेबलावर जेवतो आम्ही, पण मला हे दिसलं नव्हतं. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, हे पुलाच्या बाबतीत मला किती सहज सुचलं होतं...

आणि नेमकं आत्ताच कंपनीने सांगितलंय, घरून काम पुरे, पुण्याच्या ऑफिसात या. पावसाळा संपला की जावं लागेल. पुण्यात सूर्य नागपूरपेक्षा साधारण वीस मिनिटं उशिरा उगवतो. झोपेला बरं, असं मी सगळ्यांना हसत सांगतो. गुडघ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मात्र मी जायच्या आधीची घेतली आहे, आणि दिवाळीची तिकिटंही काढून ठेवीन.

फोटोंचं काय, हा प्रश्न बाबांनीच काढला. "तुझा तो रविवारचा फोटो कोण काढेल आता?"

म्हटलं, राहू द्या.

"राहू द्या कसं? चार वर्षांचं काम आहे. मला दाखव कोणतं बटण दाबायचं ते."

मग मागच्या रविवारी फोकस कसा करायचा ते शिकवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ झाड न्याहाळलं आणि म्हणाले, "पण मी इकडे, तर तिकडे उभं कोण राहणार?"

"आई आहे ना," मी म्हटलं.

आई म्हणाली, "साडेपाच वाजता मी येणार नाही हं. हिवाळ्यात सांगा."