ब्रेकची नळी

ज्यांच्या घरीं जुनी मोटार आणि वृद्ध वडील दोन्ही आहेत, त्यांच्यासाठीं हा अनुभव लिहीत आहें.

आमची मोटार अण्णांनीं घेतली, त्यास बावीस वर्षें झालीं. गेल्या दिवाळीपासून ते म्हणत, “ब्रेक हल्लीं उशिरां ऐकतो रे.” आम्ही भावंडें एकमेकांकडे पाहून गप्प बसत असूं. अण्णांचें वय अठ्ठ्याहत्तर. ब्रेक नव्हे, पायच थकला असेल, असें आम्हीं मनाशीं ठरविलें. एके दिवशीं किल्ली मीं हळूच माझ्या कपाटांत ठेवली.

वैशाखांत एका लग्नासाठीं कऱ्हाडहून चिपळुणास निघालों. कुंभार्ली घाट मीच उतरवीत होतों. मागें आई, पत्नी व मुलगी. निम्म्या घाटांत ब्रेक दाबला, तों पेडल लोण्यांत रुतावें तसें खालीं गेलें! पुनःपुन्हां दाबून, खालच्या गिअरांत घालून, गाडी कशीबशी कडेला उभी केली. शेजारीं बसलेले अण्णा एक अक्षरहि बोलले नाहींत. मुहूर्त आम्हीं बसनें गांठला. गाडी ओढून कऱ्हाडास न्यावी लागली.

मेकॅनिकनें दोन दोष दाखविले. चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांना भेगा पडल्या होत्या. अशी जीर्ण नळी दाबाखालीं फुगते आणि पायाचें कांहीं बळ त्या फुगण्यांतच जिरतें. दुसरा दोष ब्रेक ऑइलाचा. तें हवेंतलें पाणी शोषून घेतें. नव्या ‘डॉट ४’ ऑइलाचा उत्कलनबिंदु किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलें, कीं १५५ अंशांचीच हमी उरते. घाटांत ब्रेक तापले, ऑइल उकळलें आणि त्याची वाफ झाली. वाफ दाबली जाते. बळ पुढें नेत नाहीं.

पुतण्याच्या आग्रहावरून पोलादी जाळीच्या नळ्या बसविल्या. आंत टेफ्लॉनची नळी, वर न गंजणाऱ्या पोलादी तारांची वीण. ती फारच थोडी फुगते, म्हणून पेडल घट्ट लागतें. तांब्याचे वॉशर नवे घातले, ऑइल बदललें, चारी ब्रेकांतील हवा काढली.

“काका, आतां गाडी निम्म्या अंतरांत थांबेल!” पुतण्या म्हणाला.

मेकॅनिक हंसला. “रस्ता धरतात ते टायर. नळी फक्त तुमच्या पायाचा निरोप नीट पोंचवते. आणि जाळीच्या आंत बिघाड झाला तर वरून दिसत नाहीं. ती जिथं घासेल तें कापीतहि जाते. दर वर्षीं दाखवीत जा.”

निरोप! अण्णांचा निरोप सहा महिने आमच्या समजूतदारपणांतच फुगून जिरला होता.

घरीं येतांच कपाटांतली किल्ली त्यांच्या हातीं दिली. त्यांनीं गाडी गल्लीच्या टोंकापर्यंत नेली, ब्रेक दाबून पाहिला आणि परत आले.

“आतां ऐकतो,” एवढेंच म्हणाले. मग किल्ली माझ्या तळहातावर ठेवून पुढें म्हणाले, “घाटांत मात्र तूंच चालव.”