अब्बांचं दार

पावसाळ्यात दार अडकलं नाही असं घर कोकणात विरळाच. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हवेतली ओल लाकूड पितं आणि रुंदीला फुगतं. लांबीला फुगणं अगदी नावापुरतं.

निवृत्तीनंतर मागच्या पडवीत मी सुतारकामाची जागा करायला घेतली. अब्बांचं सामान, रंधे, पटाश्या, करवत, इतकी वर्षं माळ्यावर पोत्यात होतं. पडवीचं दारही त्यांनीच केलेलं, फणसाच्या फळ्यांचं. नेमकं तेच अडकू लागलं.

अम्मी फजरच्या वजूसाठी त्याच दारातून मोरीवर जाते. ऐंशी ओलांडलेली बाई अंधारात खांद्यानं दार ढकलते, त्या आवाजानं माझी झोप उडायची.

मिस्त्रींनी कड चाचपली. म्हणाले, "मास्तर, दोन सूत काढून टाकू. दहा मिनिटांचं काम."

काढलेलं लाकूड परत येत नाही. भर पावसात रंधा मारला की जानेवारीत फळी आकसते आणि फटीतून परसातला माड दिसतो. शिवाय त्या कडेवर अब्बांचा हात फिरलेला. हे मिस्त्रींना कसं सांगणार? अम्मी मात्र आतून म्हणाली, "दार त्यांचं आहे रे, पण पडेन ती मी."

मिस्त्रींना उद्या या म्हटलं. दाराच्या कडेला खडू फासला, दार लावलं, उघडलं. फुगवट्यानं अडकलं असतं तर खडू उंचीभर उमटला असता. तो उमटला फक्त कडीच्या बाजूला, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात. म्हणजे वरची बिजागरी ढिली होऊन दार झुकलं होतं. स्क्रू तर बोटांनी फिरत होते! दाराखाली पाचर दिली, मोठ्या झालेल्या भोकांत फेविकॉल लावून सागाच्या काड्या ठोकल्या. त्या रात्री वजूचं पाणी अम्मीच्या खोलीतच ठेवलं. सकाळी स्क्रू आवळले. थोडं घासत होतं तिथं मेणबत्ती चोळली.

खालची कड आरसा धरून पाहिली, तर कोरं लाकूड. ओल तिथूनही चढत असणार. फळ्या सुकल्या की तिला वार्निश द्यायचंय. रंधा लागलाच तर तेव्हा, आणि अब्बांचाच.

मिस्त्री आले तेव्हा अम्मीनं एका हातानं दार उघडलं आणि त्यांनाच विचारलं, "किती घेणार होतात?"