पाणी हीच मलमपट्टी

गोल्डफिश, म्हणजे ग्रांथिक मराठीतील सुवर्णमत्स्य, हा रोहू आणि कटला यांच्याच सायप्रिनिडी कुलातील गोड्या पाण्यातला मासा असून चीनमध्ये सोंग राजवटीत, म्हणजे सुमारे एक हजार वर्षांपूर्वी, करड्या-हिरवट माशांत अधूनमधून निपजणारी तांबूस-सोनेरी पिल्ले निवडून तळ्यांत वाढवण्यातून तो पाळीव झाला. पुढे तो जपानात आणि सतराव्या शतकात युरोपात गेला. महाराष्ट्रात काचेआडचे मासे पाहण्याची गोडी लावण्यात मुंबईच्या १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाचा वाटा मोठा आहे, आणि आज तालुक्याच्या गावातील बैठकीच्या खोलीतही हा मासा दिसतो.

धाराशिव जिल्ह्यातील उमरगा हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे असे एक तालुक्याचे गाव आहे. त्याच्या शेजारी, कर्नाटकाच्या हद्दीत, चालुक्यांची जुनी राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, येते. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांना घालायचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत सांगितली आहे. तो विनोद मासा पाण्याबाहेर काढण्याचा होता. पाळलेल्या माशाच्या बाबतीत मात्र सगळे कौशल्य त्याला पाण्यातच सुखरूप ठेवण्यात असते.

उमरग्यातील एका घरात सुमारे नऊ वर्षे राहिलेल्या अशाच एका केशरी गोल्डफिशला वेगळे नाव नव्हते. घरात त्याला 'आपला मासा' एवढेच म्हटले जाई. काचेवर सावली पडली की तो वर येई, चार दाणे टिपून झाले की तळाचे खडे तोंडात घेऊन चघळल्यासारखे करी आणि पुन्हा टाकून देई. या माशाला जठर नसते व त्याचे दात घशात असतात, त्यामुळे थोडे थोडे सतत खात राहणे हाच त्याचा स्वभाव होता. घरच्या बोअरचे पाणी दुष्फेन, म्हणजे विरघळलेल्या क्षारांमुळे साबणाला फेस न येऊ देणारे, होते. माणसांना ते मचूळ लागले तरी गोल्डफिशला असे पाणी मानवते.

या माशाची पहिली दुखापत सजावटीच्या एका टोकदार दगडाने झाली. पाठीजवळचे तीन खवले निघून तेथे फिकट गुलाबी ठिपका उमटला आणि घरातील वडीलधाऱ्यांना साहजिकच हळदीची आठवण झाली. परंतु माशाच्या अंगावर काही चोळणे हाच मोठा अपाय ठरू शकतो, कारण त्याची खरी त्वचा केवळ खवल्यांच्या खाली नसून वरूनही असते: प्रत्येक खवल्यावर जिवंत पेशींचा पातळ पापुद्रा आणि त्यावर श्लेष्माचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा, थर असतो, आणि जंतूंना अडवण्याचे पहिले काम तोच करतो. कोरडा हात किंवा खरखरीत जाळी लागली की हा थर पुसला जातो. उलट मासा शांत राहिला आणि पाणी स्वच्छ असले, तर जखमेच्या कडेच्या पेशी सरकत येऊन वरवरची जखम काही तासांतच झाकू लागतात व पुढे खवलाही नवा येतो.

म्हणून त्या घरात आधी दगड काढला गेला आणि मग पाण्याकडे लक्ष दिले गेले. मासा आपल्या शरीरातील टाकाऊ अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. गाळणीच्या स्पंजावर आणि तळाच्या खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर बरेच कमी घातक असे नायट्रेट बनवतात. सगळे पाणी एकदम उपसून टाकी घासली तर हे जिवाणूच धुऊन जातात, आणि पाणी बदललेच नाही तर अमोनिया जखमेला झोंबत राहतो. यावर रोज थोडे, साधारण पाचवा हिस्सा, पाणी बदलणे हा मध्यम मार्ग आहे. बोअरऐवजी नळाचे पाणी घ्यायचे झाले, तर त्यात ब्लीचिंग पावडरचा क्लोरीन असल्याने ते बादलीत दिवसभर उघडे ठेवून मग वापरले जाई. तुरटी फिरवलेले पाणी मात्र घरच्यांनी टाकीत कधीच घातले नाही, कारण तुरटीने पाण्याची आम्लता वाढते.

मिठाचा उपयोग याच टप्प्यावर होतो. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तातील क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असल्यामुळे पाणी सतत आत झिरपते आणि ते मूत्रावाटे बाहेर टाकण्याचे कष्ट माशाला अखंड करावे लागतात. कातडी फाटली की ते वाढतात. लिटरला एक ते दोन ग्रॅम साधे, काही न मिसळलेले मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू टाकीत सोडले, तर हा भार हलका होतो. वीस लिटरच्या टाकीला त्या घरात वीस ग्रॅम मीठ पुरले. बाष्पीभवनाने पाणी घटते, मीठ मात्र मागे उरते, म्हणून आटलेल्या पाण्याची भर बिनमिठाच्या पाण्याने घालावी लागते.

दुसरी दुखापत जाळीत अडकून शेपटीचा पर उभा चिरल्याची होती. पराच्या काड्या आणि त्यांमधला पडदा पुन्हा वाढतो. प्रथम कडेला पारदर्शक पट्टी दिसली, मग तिच्यावर काळसर छटा आली, आणि घरचे घाबरले असले तरी ती गोल्डफिशमध्ये भरून येणाऱ्या जागी पुष्कळदा दिसणारी खूण होती. काही आठवड्यांनी तेथे केशरी रंग परतला. तेव्हापासून त्याला हलवताना जाळीऐवजी पाण्यात बुडवलेले भांडे वापरण्याचा नियम झाला.

टाकीत असे बदलत राहाव्या लागणाऱ्या पाण्याला उमरग्यात वेगळी किंमत आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यातही माशाची बादली चुकली नाही. काढलेले पाणी नायट्रेटमुळे खतासारखेच असल्याने तुळशीला आणि कढीपत्त्याला जाई, आणि मीठ घातलेले पाणी तेवढे मोरीत. उन्हाळ्यात दुसरी चिंता हवेची असते: वीस अंश सेल्सियसला लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर तीस अंशांना साडेसातच. वीज जाऊन हवेचा पंप थांबला की घरातील कोणीतरी तांब्याने पाणी उंचावरून पुन्हा टाकीत सोडत बसे.

किरकोळ दुखापतीची मर्यादाही ओळखावी लागते. जखमेवर कापसासारखी बुरशी, खोल जाणारा लाल व्रण, फुगलेले पोट आणि ताठ उभे राहिलेले खवले, किंवा दोन दिवस अन्नावरची वासना उडणे, यांपैकी काही दिसले तर मीठ आणि धीर पुरत नाहीत. पशुवैद्याचाच सल्ला घ्यावा लागतो.

हा मासा अखेरीस कोणत्याही जखमेने गेला नाही. शेवटच्या हिवाळ्यात तो तळाशी अधिक वेळ राहू लागला आणि एका सकाळी हलला नाही. पाठीवरचे ते तीन नवे खवले शेजारच्या खवल्यांच्या ओळीत थोडे वाकडे बसलेले होते. त्याला तुळशीच्या बाजूला पुरले गेले, त्याच मातीत, जिने नऊ वर्षे त्याचे पाणी पिऊन घेतले होते.